डोयाले मुसकं

माझ्या पहिल्या घरमालकांना तंबाखू, विडी, सुपारी यांतलं एकही व्यसन नव्हतं. ही व्यसनं करायला तोंड अधूनमधून रिकामं असावं लागतं, आणि त्यांचं तोंड कधी रिकामं नसे. ते बोलत. सकाळी डोळे उघडायच्या आधी बोलणं सुरू होई, आणि रात्री घोरणं लागल्यावरसुद्धा मधूनच एखादं राहिलेलं वाक्य पुरं होई. ते बैलांशी बोलत, चुलीशी बोलत, पायात काटा रुतला तर आधी त्याच्याशी भांडून मग त्याला काढत. समोर ऐकणारा असला तर आनंदच, नसला तरी त्यांचं अडत नसे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. इतकं नवं, की आमच्या शाळेच्या भिंतीवर अजून जुन्या राज्याचाच नकाशा लटकत होता. मी देऊळगाव राजाची. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात. एस.टी.नं मला एका लिंबाखाली सोडलं आणि सुटका झाल्यासारखी ती परत फिरली. ट्रंक हातात धरून मी घरमालकांच्या अंगणात उभी राहिले. त्यांनी मला ‘बसा’ म्हटलं नाही. माझ्या खोलीच्या दाराला जी कडी होती, तिची हकिकत सांगायला सुरुवात केली.

“यातली बारीकी ऐका, बाई,” ते म्हणाले. “ही कडी अशीतशी नाई. हे मी...”

ट्रंकेनं माझा हात तुटत होता. कडी अजून लोहाराच्या दुकानापर्यंतसुद्धा पोचली नव्हती. तेवढ्यात आतून काकू आल्या, माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि म्हणाल्या, “तुमी आत या बाई. यायचं कडीचं झालं की कोयंड्याचं सुरू होते.”

त्या घरात मी पुढे चार वर्षं राहिले. त्यांना काका म्हणत असे. कडीची गोष्ट मात्र तेव्हा राहिली ती राहिलीच.

काकू कमी बोलत. त्यांच्या माहेरचे सगळेच कमी बोलणारे होते. माहेर त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. तिथे त्यांचे धाकटे भाऊ राहत. अख्खं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणे. मामा दिवसभरात जेवढे शब्द वापरत, तेवढे काकांना शिंक आल्याचं सांगायला लागत. काका म्हणत, “या लोकायच्या घरी शब्द राशनवर भेटतेत.” यावर काकू फक्त भाकरी थापत. जरा जोरात थापत, एवढंच.

आता काकांची खरी ख्याती सांगायला हवी. ती बोलण्याची नव्हती, उफणण्याची होती. मळणी यंत्रं तेव्हा आमच्याकडे आली नव्हती. ज्वारीच्या कणसांवरून बैल फिरवले की दाणे आणि कुटार, म्हणजे कणसांचा भुसा, सगळं एकत्र होऊन पडे. मग एकानं तीन पायांच्या उंच तिवईवर चढायचं, टोपलं डोक्याच्या वर धरायचं आणि वाऱ्यात हळूहळू ओतायचं. दाणा जड, तो सरळ खाली पडतो. कुटार हलकं, ते वाऱ्याबरोबर पुढे जातं. ऐकायला सोपं आहे. मी एकदा करून पाहिलं, तर दाणेही गेले आणि कुटारही गेलं, आणि दोन्ही माझ्याच केसांत गेलं.

काकांच्या हातात मात्र टोपलं शहाण्यासारखं वागे. वारा जोर करी तसं ते टोपलं आडवं करत, वारा पडे तसा हात आवरत. त्यांच्या तिवईखाली पडलेली रास इतकी स्वच्छ असे, की लोक मुठीत दाणे घेऊन नुसते पाहत राहत. म्हणून एक मान त्यांच्या घराण्याकडे होता. गावच्या मारुतीची थोडी जमीन होती. तिथली ज्वारी खळ्यावर आली की ती उफणायची काकांनीच. आधी त्यांचे आजोबा, मग वडील, मग ते. मामा खाली उभे राहून खराट्यानं राशीवरचं उरलंसुरलं कुटार झाडत.

देवाच्या खळ्याचा एक कडक नेम होता. पहिलं टोपलं उचललं की रास पुरी होईपर्यंत खळ्यावर कुणी अवाक्षर बोलायचं नाही. उफणणाऱ्यानं नाही, झाडणाऱ्यानं नाही, बघायला आलेल्यांनीही नाही. वर्षातली तेवढी एक सकाळ काका गप्प असत. गावातल्या बायका म्हणत, मारुतीची शक्ती पाहायची असेल तर त्या सकाळी या.

मी तिथे असताना दुसऱ्या वर्षी काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डावा आधीच लहानपणीच्या दुखण्यात अधू झालेला होता. तालुक्याला नेत्रशिबिर होतं, तिथे उजव्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रोग्याला दिवसच्या दिवस निजवून ठेवत. हलायचं नाही, शक्यतो बोलायचंही नाही. काका हलले नाहीत. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, “हे नेहमीच असे बोलतात की भूल दिल्यामुळे?” काकू म्हणाल्या, “भूल देली तवाच तं जरासे कमी बोल्ले.”

डोळ्याला दिसू लागलं. जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्यातून काकांचा डोळा बैलाच्या डोळ्याएवढा दिसे. निघताना डॉक्टरांनी एकच बजावलं, की या डोळ्यात धूळ, कचरा, कुटार जाता कामा नये. एकच चालता डोळा आहे, तो गेला की संपलं. उफणणं सोडा.

काका घरी आले आणि तीन दिवस डॉक्टरांना उत्तर देत बसले. डॉक्टर तालुक्याला होते, पण त्यानं काही फरक पडला नाही.

“सोडा म्हन्ते! बाई, मी उफनणं सोडलं तं मी कोन? एक चष्मा लावेल बुढा. बाकी काय?”

हे मात्र ते हळू म्हणाले. त्यांचं हळू बोललेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून ते मला लागलं.

चौथ्या दिवशी त्यांनी तोड काढली. चपला शिवणाऱ्याकडे जाऊन बसले आणि चष्म्याच्या चारी बाजूंनी कातड्याची पाळ शिवून घेतली. पाळीच्या कडेला सायकलच्या ट्यूबचं रबर, म्हणजे गालाला घट्ट बसावं. मागे बांधायला नाडा. ते सगळं लावून, नाकातोंडावर उफणणारे बांधतात तसा रुमाल बांधून ते अंगणात आले, तेव्हा दावणीचा बैल दोन पावलं मागे सरला.

काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “बैलाले मुसकं तोंडाले बांधतेत. यायनं डोयाले बांधलं.”

“अवं, डोयाले कुटार नाई लागलं पाह्यजे!”

“मुसकं तोंडाचंच असते,” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

आम्ही सगळे हसलो. काकूंचं बोलणं आम्ही थट्टेवारी नेलं, ही आमची चूक. त्या थट्टा करत नव्हत्या.

कातड्याच्या त्या चष्म्यातून कुटाराचा कणही आत जात नव्हता. पण आत हवाही खेळत नव्हती. पौषातली थंडी, त्यात डोंगरावरून उतरणारा सकाळचा वारा. काका तिवईवर चढत, टोपलं चारदा वरखाली करत, आणि भिंगं दुधासारखी पांढरी होत. आतून वाफ धरे. मग चष्मा सोडा, धोतरानं पुसा, पुन्हा नाडा बांधा. एवढ्यात वारा निघून जाई.

“धुकं धरते,” काका म्हणाले. “पन धुक्याले इलाज असते. यातली बारीकी काढली पाह्यजे.”

आणि अंगणात प्रयोग सुरू झाले. रोज सकाळी भिंगांना आतून काहीतरी चोपडायचं, रिकामं टोपलं घेऊन तिवईवर चढायचं आणि खऱ्यासारखं उफणायचं. मी शाळेला निघण्याआधी समोर उभी राहून बोटं दाखवायची, त्यांनी ती ओळखायची.

पहिल्या दिवशी थुंकी लावली. मी तीन बोटं दाखवली.

“पाच!” काका म्हणाले.

“तीन आहेत काका.”

“मंग सुधारना हाये. आधी तं हातच दिसत नोता.”

मग कच्चा बटाटा घासला. मग तंबाखूचं पाणी, जे भिंगापेक्षा डोळ्यालाच जास्त लागलं. मग एरंडेल. एरंडेल लावल्यावर वाफ धरली नाही असं त्यांचं म्हणणं होतं, पण त्यांना दावणीला दोनाऐवजी सहा बैल दिसायला लागले आणि ते बराच वेळ खुशीत होते. माझ्याकडे ओठ फुटतात म्हणून आणलेली ग्लिसरीनची बाटली होती. तिच्यावरही त्यांची नजर गेली. ती लावल्यावर जरा बरं झालं, पण अर्ध्या टोपल्यापर्यंतच. मग त्यांनी आरीनं कातड्याला भोकं पाडली, हवा खेळावी म्हणून. हवा खेळली. तिच्याबरोबर कुटारही खेळायला आलं. डोळा लालबुंद झाला आणि काकूंनी त्या दिवशी चूलच पेटवली नाही.

“डोया गेला तं मी तुमाले हात धरून फिरवनार नाई,” त्या म्हणाल्या. “आताच सांगून ठेवते.”

भोकं बुजवली. शेवटी रिठ्याचं पाणी आलं. रिठ्याची काकांना मोठीच आशा वाटत होती. तिवईवरून ते मला रिठ्याचे गुण सांगत होते. रिठ्यानं रेशीम धुतात, सोनं धुतात, त्यांच्या आजीचे केस म्हातारपणी गुडघ्यापर्यंत होते ते रिठ्यामुळे, आणि आजीला विंचू चावला तेव्हाची एक वेगळीच गोष्ट आहे. रुमालाआडून शब्द बाहेर पडत होते आणि हात टोपलं हलवत होते. आजीला विंचू चावायच्या आतच भिंगं पांढरी झाली.

गावात एव्हाना कुजबुज सुरू झाली होती. मारुतीच्या पारावर बैठक बसली. तिथे एका म्हाताऱ्यानं मुद्दा काढला. तो म्हणाला, देवाच्या कामात याचा डोळा गेला, तर बोल कोणावर येईल? देवावर. देवाला कशाला बोल लावायचा? मान मामांना द्या. मामा खाली मान घालून बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. इतकी वर्षं खराटा धरलेल्या माणसाला एकदा टोपलं धरावंसं वाटणारच. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

काका उठले आणि म्हणाले, “उद्या माह्या सोताच्या खयावर या. पाहा मले दिसते का नाई. मंग बोला.”

दुसऱ्या सकाळी निम्मं गाव खळ्याच्या कडेला बसलं. मीही होते. पारावरचे म्हातारे वाऱ्याच्या वरच्या बाजूला, कुटार येणार नाही अशा जागी, घोंगड्या अंथरून बसले होते. काकांनी त्या दिवशी रिठा आणि ग्लिसरीन एकत्र लावलं होतं. वारा छान होता. ते तिवईवर चढले, टोपलं उचललं आणि पहिली धार अशी पडली, की लोकांच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण समोर एवढं गाव बसलेलं, आणि पोटात रिठ्याची एवढी बारीकी. ते बोलू लागले.

“पाहा, रिठ्याचं पानी एकट्यानं काम करत नाई. त्याले जोड लागते...”

भिंगं आधी खालून पांढरी झाली, मग मधून, मग सगळीच. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण तसं कबूल करणार कोण? अंदाजानं टोपलं घेत होते, अंदाजानं ओतत होते, आणि म्हाताऱ्यांना नीट ऐकू जावं म्हणून ते हळूहळू त्यांच्याकडे वळले. पूर्ण वळले. पुढलं अख्खं टोपलं, दाणे, कुटार आणि धुळीसकट, पारावरच्या मंडळींच्या डोक्यावर पडलं. शिंकांचा एकच कल्लोळ उठला. कुणी पागोटं झटकतोय, कुणी घोंगडी टाकून पळतोय.

आणि वर तिवईवरून काका म्हणत होते, “पाह्यलं? कसं साफ पडून राह्यलं!”

हसून माझ्या पोटात दुखू लागलं. मग काकांनी चष्मा सोडला, खाली पाहिलं, आणि माझं हसू तिथेच थांबलं. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यावर होतो तसा झाला होता.

संध्याकाळी पारावरून निरोप आला. मान पिढीजात आहे, तो एकदम काढता येत नाही. यंदाची देवाची रास काकांनीच करावी. पण राशीत कुटार दिसलं, तर पुढल्या सालापासून टोपलं मामांच्या हातात.

त्या रात्री काका जेवताना बोलले नाहीत. भाकरी मोडली, वरणात बुडवली, खाल्ली, हात धुतला. चूल तडतडली तरी तिला काही म्हणाले नाहीत. मी आणि काकू एकमेकींकडे पाहत होतो. इतकी वर्षं शांततेसाठी तळमळत असेल असं मला वाटे, ती बाई त्या शांततेनं घाबरून गेली.

“बाई,” काका झोपायला गेल्यावर काकू मला म्हणाल्या, “घर खायाले उठून राह्यलं.”

देवाच्या खळ्याची सकाळ आली. काका अंगणात बसून चष्म्याला काय लावावं याचा विचार करत होते. बटाटा, रिठा, एरंडेल सगळं समोर मांडलेलं. काकूंनी येऊन त्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला.

“आज माह्या माहेरचं औषध लावते.”

“तुह्या माहेरी औषध? आजलोक काऊन नाई सांगितलं?”

“तुमी मले कधी बोलू देलं?”

काकू चष्मा घेऊन परसात गेल्या. मी तिथे दात घासत होते. काकूंनी रांजणातलं तांब्याभर पाणी घेतलं, भिंगं धुतली, पदरानं कोरडी केली. बस्स. मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चूळ भरायची विसरले.

खळं शेणानं सारवलेलं होतं. सगळ्यांनी चपला दूर काढल्या होत्या. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले, रुमाल बांधला, काकूंनी त्यांच्या मागे नाडा बांधून दिला. तिवईखाली मामा खराटा घेऊन उभे राहिले. पहिलं टोपलं वर गेलं आणि खळ्यावर सगळं गप्प झालं. फक्त वाऱ्याचा आणि दाण्यांचा आवाज.

एक टोपलं झालं. दुसरं झालं. भिंगं स्वच्छ. काकांचा तो मोठा डोळा आत स्पष्ट दिसत होता, दाण्याच्या धारेवर खिळलेला. कुटार लांब जाऊन पिवळ्या ओळीत पडत होतं आणि खाली रास मोत्यासारखी वाढत होती. पारावरचा तो म्हातारा जागेवरून उठून पुढे येऊन पाहायला लागला. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो नुसती मान हलवत होता.

अर्ध्यावर वारा पडला. असं होतं. मग टोपलं खांद्यावर घेऊन तिवईवर तसंच थांबायचं. काका थांबले. पण थांबलेल्या माणसाला सुचतं जास्त. वर उभे राहून त्यांनी रास पाहिली, भिंगं पाहिली, आणि आपल्या डोळ्याला धुकं धरलेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. आनंद माणसाच्या अंगात कुठेतरी राहतो, त्यांचा जिभेवर राहत असे. रुमाल हलू लागला. आवाज येत नव्हता, पण आत पुटपुटणं चालू झालं होतं. आणि भिंगांची खालची कड पांढरी होऊ लागली.

ते मला दिसलं. मामांनीही ते पाहिलं. खळ्यावर बोलता येत नाही. सांगणार कसं?

बायकांमध्ये उभ्या असलेल्या काकू दोन पावलं पुढे आल्या. पदराचं टोक घेतलं आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरलं. काकांकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या. काकांनी पाहिलं. आपल्याकडून देवाचं मौन मोडतंय, असं त्यांना वाटलं असावं. रुमाल हलायचा थांबला. जरा वेळानं कड पुन्हा स्वच्छ झाली, डोंगराकडून वारा आला, आणि टोपलं वर गेलं.

रास पुरी झाली. पारावरच्या म्हाताऱ्यानं मूठभर ज्वारी हातात घेतली, फुंकर मारली. काही उडालं नाही. ज्या मामांना मान मिळणार होता, त्यांनीच पुढे होऊन काकांना तिवईवरून उतरायला हात दिला. मामांबद्दल माझ्या मनात जे थोडं वाकडं होतं, ते तिथे सरळ झालं.

मौन सुटलं. आणि मग काका बोलले. एवढा वेळ तुंबलेलं सगळं बोलले, चष्मा न काढता. बघता बघता भिंगं पांढरीफटक झाली.

“पाहा!” ते म्हणाले. “औषधाचा असर संपला. बराबर रास होयलोक टिकला! याले म्हन्तेत औषध.”

“आमच्या घरी असं औषध...” मामांनी सुरुवात केली. काकूंनी भावाकडे पाहिलं. मामांचं ते त्या महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य ठरलं असतं, ते तिथेच संपलं.

घरी परतताना मी काकूंना गाठलं. “काकू, ते तर साधं पाणी होतं.”

“हाव.”

“मग धुकं का धरलं नाही?”

“तोंडाची वाफ रुमालातून वर चष्म्यात जाते, बाई. बोल्लं की जास्त जाते. पह्यल्या दिवशीच सांगितलं मी, मुसकं तोंडाले बांधा.”

“मग त्यांना सरळ सांगायचं ना, की उफणताना गप्प राहा!”

काकू म्हणाल्या, “अन् त्यायनं ऐकलं असतं तं? सवय लागली असती तं? त्या राती जेवताना पाह्यलं ना तुमी. नाई बाप्पा. एक सकाय मारुतीची. बाकीचं बोलनं माहं.”

मी थक्क झाले. मला वाटत होतं त्या इतकी वर्षं ते बोलणं सोसत आहेत.

त्यानंतर ते माहेरचं औषध गावात नावाजलं गेलं. चष्मा वापरणारे दोघे-तिघे वाटी घेऊन काकूंकडे येत. काकू गंभीर चेहऱ्यानं परसात जात आणि वाटी भरून देत. कमी बोलणाऱ्यांना गुण येई. आमच्या हेडमास्तरांना काही केल्या आला नाही. मान पुढेही काकांकडेच राहिला. दर वर्षी त्या सकाळी काकू चष्मा परसात नेत.

माझी बदली झाली, लग्न झालं, संसार झाला. काकू गेल्याचं कळलं तेव्हा मला निघणं जमलं नाही. दोन हिवाळ्यांनंतर शाळेच्या एका समारंभाला बोलावलं, तेव्हा गेले. एस.टी. आता गावात येत होती. काकांच्या घरी कुणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, खळ्याकडे बसले असतील.

खळ्यावर मळणी यंत्र धडधडत होतं. एका बाजूनं दाणे पडत होते, दुसऱ्या बाजूनं कुटाराचा लोट उडत होता. तिवई कुठे दिसली नाही. यंत्राला तिची गरज नव्हती आणि वाऱ्याचीही. कडेला लिंबाखाली बाजेवर काका बसले होते. नाकातोंडाला रुमाल, डोळ्यांना तोच कातडी पाळीचा चष्मा. कातडं काळं पडून कडक झालं होतं. भिंगं मात्र आरशासारखी लख्ख होती. इतकी, की त्यांच्या डोळ्यातली लाल शीरसुद्धा मला दिसली.

मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं.

“बसा,” म्हणाले.

एवढंच. त्यांच्या तोंडून एका शब्दाचं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी बाजेच्या कडेवर बसले. यंत्र धडधडत राहिलं. मी काकूंबद्दल दोन शब्द बोलले, त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळानं त्यांनी बोटानं चष्म्यावर टकटक केलं.

“आता धुकं नाई धरत.”

“अस्सं?”

“औषध लावनारी गेली, अन् धुकंबी गेलं. काईच लावत नाई मी. काऊन असन बाई हे?”

त्या मोठ्या, स्वच्छ डोळ्यानं ते माझ्याकडे पाहत होते. उत्तर मला माहीत होतं. ते त्यांना सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. एकदम मला ती कडी आठवली.

“काका,” मी म्हटलं, “माझ्या खोलीच्या दाराला जी कडी होती, ती तुम्ही कुठून आणली होती? मी आले त्या दिवशी काकूंनी तुम्हाला पुरं सांगू दिलं नव्हतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. मग रुमाल थोडा हलला.

“ते कडी?” काका म्हणाले. “ते कडी अशीतशी नाई. यातली बारीकी ऐका, बाई...”

लोहार आला. लोहाराचा भाऊ आला, त्याचं भांडण आलं. नंतर आजीही आली, आणि तिला एकदाचा विंचूही चावला. भिंगांना खालून पांढरी कड आली, ती वर चढली, आणि थोड्या वेळात तो मोठा डोळा दिसेनासा झाला. त्यांनी ते पुसलं नाही, मीही सांगितलं नाही. माझी परतीची एस.टी. आली आणि गेली. कडीचं संपलं, तेव्हा मी कोयंड्याचं विचारलं.